गोऱ्हे बडवणारे ढोकेजी

बोरी अरबच्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यासमोर एक लोखंडी खोडा आहे. गोऱ्हा त्यात उभा केला, दोऱ्या आवळल्या आणि ढोकेजींनी पिशवीतून लांब दांड्यांचा तो चिमटा काढला, की सभोवतालच्या गप्पा बंद पडायच्या. एरवी भावकीत कुणालाही भीक न घालणारे शेतकरी नकळत मांड्या जवळ घ्यायचे. एखादा तर चक्क पाठ फिरवून रस्त्याकडे बघत राहायचा. ढोकेजी मान वर न करता म्हणायचे, "घाबरू नका जी. आज तुमचा नंबर नाही."

लोक हसायचे. पण चिमटा मिटून पुन्हा पिशवीत जाईपर्यंत ते हसणं काही मोकळं नसायचं.

मी तिथे पशुवैद्यक म्हणून रुजू झाले तेव्हा यादवराव ढोके पशुधन पर्यवेक्षक होते आणि त्यांच्या निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. कागदोपत्री मी त्यांची साहेब. प्रत्यक्षात कोणत्या गावात कुणाची म्हैस लाथ मारते आणि कोणता मालक म्हशीपेक्षा जास्त लाथा मारतो, हे मला त्यांनीच शिकवलं. मी वणीची, कोळशाच्या ट्रकवाल्यांशी भांडत मोठी झालेली, त्यामुळे माझी जीभ काही मऊ नाही. ढोकेजींसमोर मात्र ती जपून चालायची. उंच, सडसडीत माणूस, अंगात पांढरा शर्ट. दिवसभर शेणामुतात काम करूनही संध्याकाळी फक्त उजवी बाही मळलेली असायची. चालणं असं, की मला मागून पळावं लागे. गाव दिसायला लागलं की स्कूटर झाडाखाली लावून पायी निघायचे. "फटफट आयकून ढोरं बिचकते मॅडम," असं कारण सांगायचे. मला वाटतं, त्यांना चालायलाच आवडायचं.

गोऱ्ह्याचा बैल करायचा म्हणजे जुन्या काळी दगड-लाकडाने वृषण बडवायचे. आता चिमट्याने आतली नस दाबतात, रक्ताचा थेंबही निघत नाही. पण आमच्याकडे शब्द तोच राहिला, बडवणं. ऐन वेळी मालकाचं मन कच्चं व्हायचं. एकदा एका शेतकऱ्याने ढोकेजींचा हात धरला. "साहेब, पाप लागंन."

"पाप माया नावावर लावजा. उद्या यानं शिंग मारून कोणाचं पोट फाडलं तं ते कोणाच्या नावावर लावशीन?" मग त्याच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात म्हणाले, "मस्ती उतरते गड्या, ताकत राह्यते. तुले नांगराले मस्ती लागते का ताकत?"

त्याच गोऱ्ह्याने त्या दिवशी मागची दोरी तोडली. चिमटा अर्धा मिटलेला, ढोकेजींची कंबर खोड्याचा पाइप आणि गोऱ्ह्याचं मागचं अंग यांच्यामध्ये सापडलेली. सगळे ओरडले, "साहेब, सोडा! सोडा!" मी स्वतः ओरडले. त्यांनी सोडलं नाही. तोंड लालबुंद झालं, कपाळाची शीर फुगली, पण दोन्ही हात दांड्यांवर तसेच. काम पुरं झाल्यावरच बाजूला झाले, पुढे जाऊन गोऱ्ह्याच्या कपाळावर हात ठेवला आणि त्याला म्हणाले, "झालं बाप्पा, झालं." मी रागाने ती तुटलेली दोरी त्यांच्यापुढे धरली. मला म्हणाले, "अर्ध्यात सोडलं तं त्याले दुप्पट तरास, मॅडम. मले काय, कंबर दुखंन दोन दिवस."

कंबर दोन दिवसांवर थांबली नाही, पण त्याकडे मी नंतर येते.

आधी त्यांची एक खोड सांगायला हवी. ढोकेजींनी आयुष्यात माणसांच्या डॉक्टरवर पैसा घालवला नव्हता. हात कापला की गाईच्या जखमेवरचा फवारा. गुडघा दुखला की बैलाच्या खांदेदुखीचा मलम. पोट बिघडलं की कपाटातलं जनावरांचं औषध, वजनाच्या हिशोबाने. "माणूस म्हंजे दोन बकऱ्या, मॅडम," ते समजावून सांगायचे. "डोस वजनानं भागाचा, बस." आमच्या खात्यात हे दुखणं घरोघरी आहे. जनावरं बोलत नाहीत, तरी आपण त्यांना बरं करतो, मग आपलं स्वतःचं ते काय मोठंसं, असा एक माज अंगात चढतो. तो माझ्यातही होता. मीही कपाटातलं औषध घेऊन ताप उतरवलेला आहे.

एकदा गावातल्या किराणा दुकानदाराने त्याचा म्हातारा कुत्रा आणला. कुत्रा कुंथत होता आणि लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडत होते. मी तपासलं. प्रोस्टेट, म्हणजे मूत्राशयाच्या तोंडाशी असते ती ग्रंथी, चांगलीच वाढली होती. मी दुकानदाराला समजावलं, की ही गाठ वृषणात तयार होणाऱ्या नर-हार्मोनवर पोसते. ते रक्तातून तिथे पोचतं, ग्रंथीच्या आत आणखी तिखट होतं आणि तिथल्या पेशींना वाढा म्हणून सांगत राहतं. वृषण काढले की खाणं बंद, गाठ आपोआप बसते. दुकानदाराचा चेहरा असा झाला, जणू मी त्याच्याबद्दलच बोलत होते. ढोकेजींनीच त्याला तयार केलं, ऑपरेशनला मदत केली आणि काही आठवड्यांनी हातमोजा घालून कुत्र्याला तपासून मला म्हणाले, "मॅडम, आवळा होता, बोर झालं!" त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना स्वतःच्या पैशाने चहा पाजला.

म्हणजे माहीत नव्हतं असं नाही. पुढच्या सगळ्या प्रकाराचा मला राग येतो तो यामुळेच.

त्या हिवाळ्यात मला दिसायला लागलं, की लसीकरणाला निघालो की ढोकेजी वाटेत स्कूटर थांबवतात आणि एखाद्या झाडामागे बराच वेळ उभे राहतात. परत आले की न विचारताच सांगायचे, "पाणी जास्त पेलो आज." कमरेवर हात ठेवून चालायला लागले. मी विचारलं की त्या गोऱ्ह्याचं नाव पुढे करायचे. गालफडं आत गेली. बाई माणसापुढे, त्यातून साहेब आणि मुलीच्या वयाची, ते या गोष्टी बोलणार नव्हते आणि मीही रेटून विचारलं नाही.

मग एका गावात लसीकरण चालू असताना ते बकरीशेजारी उकिडवे बसले ते उठलेच नाहीत. हसत म्हणाले, "पाय सुन्न झाले वाटते." दोघांनी उचलून उभं केलं. डावा पाय जमिनीवर टेकत होता, पण तो त्यांचा असल्यासारखा टेकत नव्हता. कंबर आणि पाय एकदम गेलेलं जनावर मी पाहिलेलं आहे, आणि त्यात वेळ दवडला की काय होतं तेही. लसींचे खोके आणायला त्या दिवशी माझी कार होती, ती मी काढली. आधार कार्ड स्कूटरच्या डिक्कीत आहे म्हणाले, म्हणून मी डिक्की उघडली.

कार्डाच्या पाकिटाशेजारी सिरिंज होती आणि इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या. खंगलेल्या जनावराच्या अंगावर मांस चढावं म्हणून देतात ते इंजेक्शन, नर-हार्मोनच्याच जातीचं.

एक बाटली मी डॅशबोर्डवर ठेवली आणि गाडी यवतमाळच्या रस्त्याला लावली. मग विचारलं, "हे कुणासाठी होतं?"

"मायासाठी. अंगात ताकतच नव्हती राह्यली मॅडम. दोन बकऱ्यायच्या हिशोबानंच घेतलं, जास्त नाही."

"किती दिवसांपासून?"

त्यांनी मान खिडकीकडे वळवली.

"ढोकेजी, त्या कुत्र्याचं आपण काय केलं होतं? खाणं बंद केलं तेव्हा गाठ बसली. तुम्ही तर तिला हाताने वाढून घातलं!"

मी जोरात बोलले होते. ते खिडकीबाहेर बघत राहिले. स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ते कुत्रं होतं न पन." आणि मांडीला जोरात चिमटा काढून बघितला. आरशातून मला ते दिसलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेही दिसलं.

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या भराभर झाल्या. सर्जन तरुण होता, शांत, घाईत असूनही घाई न दाखवणारा. प्रोस्टेटचा कर्करोग, आणि तो मणक्यात उतरून पायांच्या नसांवर दाबत होता. रोग कशाने झाला ते सांगता येत नाही, पण तो नर-हार्मोनवर पोसला जातो आणि ढोकेजींनी त्याला बाहेरून रसद पुरवली होती. सूज उतरवायचं औषध सुरू झालं, पुढे नागपूरला किरणोपचार करायचेच होते. पण आधी हार्मोन तोडायचं होतं, तेही लगेच. हार्मोन थांबवणारं नेहमीचं इंजेक्शन सुरुवातीला ते उलट वाढवतं, तेवढ्यात पाय कायमचे जाऊ शकतात. दुसरं औषध तिथे हाताशी नव्हतं. "दोन्ही वृषण काढून टाकू," डॉक्टर म्हणाले. "छोटं ऑपरेशन आहे. उद्या सकाळपर्यंत शरीरातलं हार्मोन जवळजवळ संपलेलं असेल. पण आजच करायला हवं. पाय पूर्ण गेले तर परत येतील याची खात्री मी देऊ शकत नाही."

ढोकेजींनी डॉक्टरकडे बघितलंच नाही, माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुमी सांगा. ढोराचं अन् मानसाचं एकच असते का?"

मला खोटं बोलावंसं वाटलं. "या बाबतीत एकच, ढोकेजी."

"म्हंजे मले बडवाचं."

पुढे आलेला संमतीचा कागद त्यांनी हाताने बाजूला सारला. मग ते म्हणाले, "नाही. मले सुट्टी द्या. घरी जातो."

डॉक्टरांनी पुन्हा सगळं समजावलं. मी समजावलं, मग भांडले. ते भिंतीकडे तोंड करून पडले. एकदाच बोलले, "उभी जिंदगी मी लोकायले हसवलं मॅडम, हातात चिमटा घेऊन. आता थेच लोकं मले पाहून हासन. त्यापक्षा पाय गेलेले बरे." दर थोड्या वेळाने डॉक्टर येऊन अंगठा हलवायला सांगत. दुपारी डावा अंगठा थोडा हलत होता. उन्हं कलली तेव्हा तो हलेनासा झाला आणि उजवा पाय जड वाटू लागला. मी कॉरिडॉरमध्ये येरझाऱ्या घालत होते. एवढा समजदार माणूस कुणाच्या तरी हसण्यासाठी स्वतःचे पाय घालवतो आहे, हे बघून माझा जीव नुसता तुटत होता.

सुमनबाई एसटीने आल्या. ढोकेजींची बायको, बुटकी, शांत बाई. बोरीच्या आमच्या दवाखान्यात कधी डबा घेऊन आल्या तरी दारातूनच "जयभीम मॅडम" म्हणून परत जायच्या. मी त्यांना बाहेरच सगळं सांगितलं, शब्द शोधत शोधत. त्यांनी ऐकलं, पदराने तोंड पुसलं आणि आत गेल्या. मी दारात थांबले.

"सही काहून नाही करत?" त्यांनी विचारलं.

"तुले नाही समजत."

"काय नाही समजत? माही पिशवी काहाडली, तवा सही कोनं केली?"

ढोकेजींनी चादर वर ओढली.

"तुमी केली. मले इचारलं बी नाही. डॉक्टरनं कागद देल्ला, तुमी सही केली अन् चहा प्याले गेलते. मी आतमदी एकटी रडत होती. बाहेर आल्यावर मी बाई नाही राह्यली का? तुमचा सैपाक नाही केला का? वावरात निंदाले नाही गेली का?" त्यांचा आवाज चढला नव्हता, पण अख्खा वॉर्ड ऐकत होता. "बाईचं काहाडलं तं विलाज. अन् मानसाचं काहाडाची येळ आली तं इज्जत! मले तुमचे पाय पाह्यजे. लोकं काय हासतीन थे मी पाहून घेईन."

मग ढोकेजींनी पेनासाठी हात पुढे केला. सही केली. मला म्हणाले, "गावात सांगू नका." त्या क्षणी मी कशालाही हो म्हटलं असतं.

ऑपरेशन झालं. पाय लगेच परत आले नाहीत. सकाळ गेली, संध्याकाळ गेली, पुन्हा सकाळ झाली आणि डॉक्टरांच्या चेहऱ्यावरून मला काहीच वाचता येईना. सुमनबाई पायथ्याशी बसून तळवे चोळत होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, "हे समजते का?" ढोकेजी मान हलवायचे, नाही. डोळे छताला. मी घरी जायला निघाले, त्यांना सांगायला वाकले, आणि तेवढ्यात ते चिडून म्हणाले, "गुदगुल्या कायले करून राह्यली वं!"

सुमनबाईंनी पाय तसाच छातीशी धरला आणि ओक्साबोक्शी रडल्या. माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं, ते मी लपवलं नाही.

नागपूरचे किरणोपचार झाले, हळूहळू काठीने चालायला लागले आणि कामावरही आले, बसून करायच्या कामासाठी. गावात अर्थातच सगळ्यांना कळलं होतं. आमच्याकडे गाय व्यायच्या आधी वासराचा रंग गावाला ठाऊक असतो. एक दिवस खोड्यात गोऱ्हा उभा होता, मी चिमटा लावत होते, ढोकेजी खुर्चीवरून सूचना देत होते. मागून एक तरुण पोरगा दबक्या आवाजात म्हणाला, "साहेबाचाच नंबर लागला म्हंते." दोघंतिघं फिस्सकन हसले. माझं डोकं सणकलं. मी वळलेच होते, ढोकेजींनी हाताने थांबवलं.

"हो, लागला," ते म्हणाले. "अन् लागला म्हनून उभा हावो." काठी टेकून खरंच उभे राहिले. "तुया बाप रात्री किती डाव उठते बे मुताले?"

पोरगा वरमला. "उठते... दोन-चार डाव."

"मंग त्याले दवाखान्यात ने. ढोराच्या नाही, मानसाच्या. साऱ्यायचं मायासारखं नसते. उमरीनं गाठ वाढते, गोळ्यायनं उतरते बी. पन पाहून घ्याव. मायासारखं झाडामांगं लपू देऊ नको त्याले." मग खाली बसले आणि मला म्हणाले, "हं मॅडम, उजवी नस घ्या." बसताना त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता. ते बाकी कुणाला दिसलं की नाही, माहीत नाही.

हार्मोन गेल्यावर त्यांच्या अंगातून मध्येच वाफा निघायच्या. पौषातल्या थंडीत माणूस घामाने निथळायचा. एकदा मी घरी गेले, तर सुमनबाई त्यांना सुपाने वारा घालत होत्या. "माया अंगातून अशाच वाफा निंगत होत्या, तवा तुमी म्हनत होते, नाटक करते!"

"मले काय माहीत बाप्पा!" ढोकेजी म्हणाले आणि सूप त्यांच्या हातातून घेऊन थोडा वेळ त्यांनाच वारा घालत बसले.

माझी बदली झरी जामणीला झाली. त्या जंगलातल्या गावांत फोनला रेंज मिळवायला टेकडीवर चढावं लागे. तशीच टेकडीवर उभी असताना मला ढोकेजी गेल्याचा निरोप मिळाला. तो रोग लबाड आहे, उपाशी राहून राहून तो हार्मोनशिवाय वाढायलाही शिकतो. पण त्याआधी ढोकेजींना दोनेक वर्षं मिळाली आणि ती त्यांनी पलंगावर काढली नाहीत. मातीला मी पोचू शकले नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्याच्या आदल्या हिवाळ्यात. बोरीतलं उरलंसुरलं सामान घेऊन मी यवतमाळच्या बसमध्ये बसले होते, बस सुटायची होती. खिडकीतून पाहिलं तर ढोकेजी आणि सुमनबाई रस्त्याने येत होते. सुमनबाई कानावरून शाल गुंडाळलेल्या. ढोकेजींचा स्वेटर खांद्यावर टाकलेला, कपाळावर घाम, हातात काठी. फार हळू चालत होते. प्रत्येक पाऊल आधी ठरवून टाकावं तसं. एक रिकामा ऑटो त्यांच्याजवळ येऊन थांबला.

"बसा न काका, घरापावतर सोडून देतो. पैसे नका देऊ."

"नाही गड्या," ढोकेजी म्हणाले. "पाय हायेत न मले."

आणि पुढे निघाले. ऑटोवाल्याला ते खरं वाटलं नसावं. तो त्यांच्या चालीने, त्यांच्या बाजूबाजूने, गाडी हळूहळू चालवत राहिला. सुमनबाईंनी त्याला हाताने जा म्हणून खुणावलं. तरी तो थोडा वेळ तसाच चालला, मग कंटाळून पुढे निघून गेला, आणि ती दोघं आपली चालत राहिली.